हाक मारणाऱ्याचं नाव

बॉथेल
१२ जानेवारी २०२५

चि. परीक्षित,
अनेक आशीर्वाद.

तुझा पत्ता आणि तो लांबलचक कैदी नंबर आमच्या हिमानीनं शोधून दिला. पाकिटावर नंबर ठळक हवा, नाव बारीक असलं तरी चालतं, असं ती म्हणाली. मी दोन्ही सारखंच काढलंय. फोनवर पंधरा मिनिटं मिळतात आणि त्यातली पाच मी "ऐकू येतंय का" विचारण्यात घालवतो, म्हणून हे पत्र.

शिक्षा सुनावली त्या दिवशी मी तुझ्यामागे तिसऱ्या बाकावर होतो. तू वळून पाहिलं नाहीस. जज्जबाईंनी विचारलं, काही बोलायचंय का, आणि तू उभा राहून म्हणालास की माझा मित्र निहार माझ्यामुळे गेला, चूक माझी आहे. पाच वर्षं. त्यातली सव्वाचार तरी आत, आणि मग विमानात बसवून परत भारतात. तुझे बाबा गेल्यापासून तू माझ्या हाताखाली वाढलास. तू कधी गाडी बेफाम चालवली नाहीस. अंधार होता, तो ट्रक रस्त्याच्या कडेला उभा होता, कोणाच्याही हातून झालं असतं. फोन हातात होता असं सरकारी वकील म्हणाले. ते म्हणणारच, त्यांचं कामच ते. तुझ्या वकिलीणबाईंनी लवकर मिटावं म्हणून तुला गुन्हा कबूल करायला लावलं, असं माझं ठाम मत आहे.

पुण्याच्या दप्तरखान्यात मी चौतीस वर्षं मोडी कागद वाचले. इथे अमेरिकेत लेकीकडे येताना झेरॉक्सची एक बॅग घेऊन आलो, हे तुला माहीत आहे. त्यातला एक महजर, म्हणजे जुना निवाडा, परवा पुन्हा वाचला. शके पंधराशे साठच्या सुमाराचा. बहिर्जी आणि साबाजी असे दोन सोबती गावात विहीर खणत होते. साबाजी तळाशी, बहिर्जी वर दोर धरून. दगडांनी भरलेली पाटी वर येताना दोर सुटला आणि साबाजी जागीच गेला. त्याच्या बायकोनं, अवाईनं, गोतसभेपुढे फिर्याद केली की दोर मुद्दाम सोडला. गोतसभा म्हणजे तेव्हाचं कोर्ट. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, शेजारच्या गावांचे पाटील, ठाण्याचा हवालदार, काजी, सगळे बसले. साक्षीदार कोणी नव्हता, म्हणून दिव्य ठरलं.

बहिर्जीची नखं काढली. हात साबणानं धुतले. हातावर आधीचे व्रण कुठे आहेत ते लिहून घेतलं. आरोपाचा कागद कपाळाला बांधला. कढईत तेल आणि तूप उकळवून त्यात धातूचा तुकडा टाकला, तो त्यानं हातानं काढला. मग हाताला पिशवी बांधून मोहोर केली. तिसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर पिशवी सोडली तर हात जसाच्या तसा. बहिर्जी खरा झाला.

तेलात हात घालून खरंखोटं ठरत नाही, हे मलाही कळतं. त्याच काळात लोकांचे हात तोडत, कडेलोट करत. त्या काळाचं गुणगान मी करत नाही. पण तो माणूस "मी नाही" म्हणून उकळत्या तेलात हात घालतो, आणि तू नुसत्या गार खोलीत उभा राहून "मीच" म्हणतोस, हे मला सोसत नाही.

जेवत जा.

तुझा,
राजारामकाका

•

९ फेब्रुवारी २०२५

ती. काका,
सा. न.

तुमचं पत्र मिळायला तीन आठवडे लागले. मराठीत असल्यामुळे मेलरूमनं ते आधी कोणाकडून तरी वाचून घेतलं. आम्हाला ओरिजिनल देत नाहीत, कॉपी देतात. पण अक्षर तुमचंच आहे, तेवढं पुरलं.

इथे ठीक आहे. मला लायब्ररीत काम दिलंय. सेलमध्ये माझ्याबरोबर एक साठ वर्षांचे गृहस्थ आहेत, फारसं बोलत नाहीत. थंडी आहे. आईला यातलं फक्त लायब्ररीचं सांगा.

काका, वकिलीणबाईंनी मला काही करायला लावलं नाही. फोन खरंच माझ्या हातात होता. मी रस्त्यावरून नजर काढली. गाडी हळूहळू उजवीकडे गेली. ट्रकचे लाइट ब्लिंक होत होते, ते बाकी सगळ्यांना दिसले, त्यांनी कोर्टात येऊन सांगितलं. ट्रक निहारच्या बाजूनं लागला. माझं फक्त कॉलरबोन मोडलं.

मेसेज ऑफिसचा होता. महत्त्वाचा नव्हता. यापेक्षा जास्त त्यात काही नाही, म्हणून पुन्हा विचारू नका.

बहिर्जीचं पत्र मी चार वेळा वाचलं. एक विचारायचं होतं. हात चांगला आला, तो सुटला. पण अवाईचं काय झालं? ती त्याच गावात राहिली असेल ना? त्याच वाटेनं पाण्याला जात असेल. तिच्याबद्दल काही लिहिलंय का त्या कागदात?

तुमचा,
परीक्षित

•

बॉथेल
१६ मार्च २०२५

चि. परीक्षित,
अनेक आशीर्वाद.

महजरात अवाईचा पुढे उल्लेख नाही. निवाडा झाला, कागदावर साक्षी झाल्या, संपलं. जुन्या कागदात बायका फिर्यादीपुरत्या येतात.

तू स्वतःला फार दोष देतोस. ऑफिसचा मेसेज होता म्हणतोस, तर मग दोष ऑफिसचाही नाही का? माणूस घरी निघाल्यावर त्याला मेसेज कशाला करायचे? हे तुझ्या वकिलीणबाईंनी कोर्टात मांडायला हवं होतं.

मी स्वस्थ बसणाऱ्यातला नाही. इथल्या एका ओळखीच्या वकिलांना विचारलं. ते म्हणाले, गेलेल्या माणसाच्या घरच्यांनी दयेचं पत्र दिलं तर शिक्षा कमी करण्यासाठी अर्ज करून बघता येतो. म्हणून मी निहारच्या बहिणीला, प्रीताला, पत्र पाठवलंय. ती ॲन आर्बरला संशोधन करते, पत्ता हिमानीच्या एका मैत्रिणीकडून मिळाला. चार पानं लिहिली. तू कसा मुलगा आहेस ते लिहिलं. यात तुझा काही दोष नाही, हेही स्पष्ट लिहिलं. समजूतदार वाटते मुलगी. उत्तर देईल.

हिमानी म्हणते, मला विचारल्याशिवाय पाठवायला नको होतं. हल्लीच्या मुलींना सगळं विचारून हवं असतं.

काळजी घे.

तुझा,
काका

•

६ एप्रिल २०२५

काका,

तुम्ही काय केलंत हे?

कोर्टाची ऑर्डर आहे की मी निहारच्या घरच्यांशी कुठल्याही मार्गानं संपर्क करायचा नाही, दुसऱ्या कोणाकडूनही नाही. ते सोडा. मला त्याची भीती नाही.

शिक्षेच्या दिवशी प्रीता बोलली तेव्हा तुम्ही होतात ना तिथे? ती कागदावरून इंग्लिशमध्ये वाचत होती. तो किती हुशार होता, आईची काय हालत आहे, वगैरे. मग तिनं कागद खाली ठेवला आणि मराठीत म्हणाली, "परीक्षित, तू माझ्या घरी जेवला आहेस." बस. दुभाष्याला कळलं नाही ट्रान्सलेट करायचं की नाही. दोन थँक्सगिव्हिंगला आम्ही ड्राइव्ह करून तिच्याकडे गेलो होतो. तिनं आमच्यासाठी वरणफळं केली होती. काका, त्या मुलीला तुम्ही चार पानं लिहिलीत की माझा दोष नाही?

मग दोष कोणाचा? निहारचा?

तिला पुन्हा लिहू नका. आणि माझा दोष नाही हे पुन्हा लिहिणार असाल, तर मलाही लिहू नका.

परीक्षित

•

बॉथेल
३ ऑगस्ट २०२५

चि. परीक्षित,

चार महिने लिहिलं नाही. तू रागावलास म्हणून नाही. रागावलास ते बरोबरच होतं.

मे महिन्यात प्रीताकडून माझंच पत्र परत आलं. चारी पानं फाडलेली होती आणि मग सेलोटेपनं नीट जोडलेली. शेवटच्या पानाखाली तिनं एकच ओळ लिहिली होती. "तुम्हाला खरंच माहीत नाही का?"

मला माहीत होतं, परीक्षित. पहिल्या दिवसापासून.

सुलभावहिनींचा, तुझ्या आईचा, पुण्याहून फोन आला तेव्हा त्यांनी अपघाताची वेळ सांगितली. सहाच्या आत, तिकडे अंधार पडल्या पडल्या. मी फोन कानाला लावूनच टेबलाशी गेलो आणि माझा मोबाइल बघितला. तुला पाठवलेला फोटो. एका जकातीच्या कागदातला शब्द अडला होता. त्याखाली माझी दोन वाक्यं, "अरे, हे काय असेल? तुझी नजर चांगली आहे." तुझ्याकडची वेळ पाच पन्नास. दोन मिनिटांनी मी नुसतं प्रश्नचिन्ह पाठवलं. मग तुझं उत्तर आलं, "काका, तो शब्द". पुढे काही नाही. मला वाटलं, कामात असेल.

तो मेसेज ऑफिसचा नव्हता. तू तो ऑफिसचा केलास, आणि मी ते मान्य केलं, इतकंच नाही तर मार्चच्या पत्रात त्या ऑफिसला दोषही दिला. तुझा दोष नाही, असं मी घसा कोरडा होईपर्यंत सांगत सुटलो, कारण तुझा दोष आहे म्हटलं की लगेच माझं नाव येत होतं.

आणखी एक खोटं आहे. बहिर्जीच्या महजराला दुसरा बंद, म्हणजे दुसरा कागद आहे. तू अवाईबद्दल विचारलंस तेव्हा तो माझ्यासमोरच होता. हात चांगला आला, त्यानंतर महिन्याभरानं बहिर्जी आपणहून गोतसभेपुढे आला. म्हणाला, मी मुद्दाम सोडला नाही हे देवानं दाखवलं. पण दोर हातात असताना मला कोणी हाक मारली आणि मी मागे वळून बघितलं, म्हणून तो सुटला. माझं अन्न जात नाही. गोतानं अवाईला विचारलं, याचं काय करावं. ती म्हणाली, याला गावाबाहेर घालवू नका, गेला तर हा विसरेल. वर्षभर यानं माझ्या दारात पाणी आणून ठेवावं. माझ्याशी बोलू नये. ते गोतानं मान्य केलं. वर्ष झाल्यावर त्याला प्रायश्चित्त देऊन पंगतीत घेतलं.

हाक कोणी मारली, ते कागदात नाही. कोणी विचारलंच नाही. मी तो बंद तुझ्यापासून लपवला तो एवढ्यासाठी.

उत्तर दिलं नाहीस तरी मी समजून घेईन.

राजाराम

•

२४ ऑगस्ट २०२५

ती. काका,
सा. न.

उत्तर का देणार नाही?

तुम्हाला माहीत नसावं असं मला वाटत होतं. माझा तोच एक प्रयत्न होता, तो फेल गेला. वकिलीणबाई मागे लागल्या होत्या. एकाहत्तर वर्षांचे काका आहेत, एकदम दोन मेसेज आले, त्यांना काही झालं असेल असं तुला वाटलं, असं आपण सांगू, त्यानं फरक पडतो. मी नको म्हटलं. कारण मला तसं वाटलंच नव्हतं. तुमचा मेसेज आहे हे मला दिसलं, शब्दाचा फोटो आहे हे दिसलं, आणि मजा वाटली. उत्तर दिलं नाही तर तुम्ही फोन करता, मग वीस मिनिटं जातात. तेवढ्यात टाइप करू म्हटलं. पाच मिनिटांत घरी पोचलो असतो, काका.

तुम्ही घरात बसून एक शब्द विचारला. गाडी मी चालवत होतो. हे दोन्ही एकत्र करू नका. माझ्या वाटणीचं मला पूर्ण राहू द्या, त्यातलं थोडं तुम्ही घेतलंत तर मला इथे झोप येणार नाही.

अवाईचं वाचून मी लायब्ररीत मागच्या रॅकशी जाऊन उभा राहिलो. मला कोणी सांगितलं असतं की प्रीताच्या दारात वर्षभर पाणी ठेव, तर मी ठेवलं असतं. इथे मी पुस्तकं लावतो. त्याचा तिला काय उपयोग? आणि चार वर्षांनी मला तिच्यापासून अजून लांब नेऊन सोडतील.

हिमानीताईला सांगा, तिनं पाठवलेलं मोज्यांचं पाकीट परत गेलं. बाहेरून कपडे चालत नाहीत.

तुमचा,
परीक्षित

•

बॉथेल
१९ ऑक्टोबर २०२५

चि. परीक्षित,
अनेक आशीर्वाद.

मी ॲन आर्बरला जाऊन आलो. आधी प्रीताला तीन ओळी लिहिल्या होत्या, की तुमच्या प्रश्नाचं उत्तर समोर येऊन द्यायचं आहे, नको असेल तर येत नाही. तिनं "या" एवढंच कळवलं. हिमानी आधी चिडली, मग तिनंच तिकीट काढलं. डेट्रॉइटपर्यंत विमान, पुढे बस. दोन जिने चढून तिचं घर आहे, दारातच सायकल लावलेली. भिंतीवर निहारचा फोटो नाही. मी शोधत होतो, हे तिच्या लक्षात आलं.

बसायच्या आधीच मी सांगितलं, "त्या दिवशी पाच पन्नासला परीक्षितला मेसेज केला तो मी."

ती म्हणाली, "मला माहीत आहे. फाइलमध्ये त्याच्या फोनचे फोटो आहेत. ‘काका’ नावानं सेव्ह केलंय."

"मग माझं पत्र आलं तेव्हा तुम्हाला काय वाटलं असेल."

"फाडलं. मग वाटलं, तुम्हाला परत वाचायला लावावं. म्हणून जोडत बसले." मग खुर्ची ओढून म्हणाली, "बसा. तुम्हाला चढून धाप लागली आहे."

तिनं चहा केला. मी माफी मागितली. तिनं दिली नाही, आणि देते असं खोटंही म्हणाली नाही. मला वाटतं, मी गोतसभेपुढे जाऊन आलो, आणि तिथे ती एकटीच बसली होती.

निघताना ती दाराशी म्हणाली, "आई रोज विचारते, निहार शेवटचं काय बोलला. मी तिला सांगते, तो गाडीत झोपला होता. खरं मला माहीत नाही. कोर्टात सगळं विचारलं, ट्रक किती फुटांवर होता, स्पीड किती, पण हे कोणी विचारलं नाही. ते फक्त परीक्षितला माहीत आहे."

हे उत्तर तिला हवं आहे. तुझ्यावरच्या ऑर्डरचं मी तिला सांगितलं. तिनं सरकारी वकिलांमार्फत कोर्टाची परवानगी घेतली आहे, त्याची प्रत सोबत आहे. उत्तर मला लिही, मी पोचवीन. द्यायचं नसेल, तर तसं लिही.

तुझा,
काका

•

९ नोव्हेंबर २०२५

ती. काका,
सा. न.

परवानगीची कॉपी वकिलीणबाईंना वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, कायद्यानं चालेल, पण तू उत्तर देऊ नकोस, त्यानं तुझं काही भलं होणार नाही. मी चार दिवस लिहायला बसतोय. दोनदा तर लिहिलंसुद्धा की तो झोपला होता. तसं लिहिणं सोपं आहे. प्रीता आईला देते ते आणि माझं उत्तर एकच झालं असतं, कोणी कधी तपासू शकलं नसतं.

काका, तो झोपला नव्हता. आम्ही बॅडमिंटन खेळून येत होतो. तो मला शिव्या घालत होता, कारण मी दोन गेम हरलो होतो. मग तुमचा मेसेज वाजला. मी फोन उचलला तर तो म्हणाला, "काय आहे, दे मी वाचतो." मी म्हटलं, "मोडी आहे, तुला काय कळणार?" तो हसला. मी टाइप करायला लागलो. तेव्हा तो म्हणाला, "पऱ्या, समोर बघ." मी "हो हो" म्हटलं आणि बघितलं नाही. तो पुन्हा म्हणाला, जोरात, "पऱ्या, समोर बघ." एवढंच.

दोनदा म्हणाला. हे मी पोलिसांना सांगितलं नाही, वकिलीणबाईंना नाही, कोणालाच नाही. कोर्टात मी चूक माझी म्हणालो तेव्हा सगळ्यांना वाटलं, याला किती पश्चात्ताप झालाय. मी एवढं सोडून बाकी सगळं कबूल केलं होतं.

प्रीताला हे असंच्या असं सांगा. मऊ करू नका. तुम्ही मऊ करता.

परीक्षित

•

बॉथेल
७ डिसेंबर २०२५

चि. परीक्षित,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीन डिसेंबरला आलं. मी ते हिमानीलाही दाखवलं नाही. पुन्हा विमानानं जायची ताकद नव्हती, म्हणून प्रीताला विचारून काल दुपारी फोन केला. ती लॅबमधून बाहेर येऊन कुठेतरी उभी होती, मागे बसचे आवाज येत होते. मी म्हटलं, "घरी गेल्यावर सांगू का?" ती म्हणाली, "नाही, आत्ताच."

मी तुझं पत्र वाचून दाखवलं. तू लिहिलंस तसंच, शब्द न बदलता. "समोर बघ" दोन्ही वेळा वाचलं.

मागे एक बस थांबून निघाल्याचं ऐकू आलं. मग म्हणाली, "म्हणजे त्याला ट्रक दिसला होता."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"मला वाटायचं, त्याला कळलंच नसेल."

चौतीस वर्षं मी लोकांची भांडणं वाचली, वादी, प्रतिवादी, खरा झाला, खोटा झाला. खरं कळल्यावर फिर्यादीचं काय होतं, ते मी पहिल्यांदा ऐकलं. ती रडत होती. रस्त्यात उभी राहून, आणि मी इथे खुर्चीत बसून.

मग म्हणाली, "आईला हे सांगायचं नाही. कधीच नाही. ती इकडे आली आणि तुम्ही कधी भेटलात, तर तो झोपला होता."

मी शब्द दिला. तू मला मऊ करू नका म्हणालास आणि मी केलं नाही, पण हे मी पाळणार आहे. तूही पाळ. कधी परत गेलास आणि नागपूरला निहारच्या आईसमोर उभा राहिलास, तरी पाळ.

तुला माफ केलं, असं ती म्हणाली नाही. यापुढे मी तिला फोन करू नये, असं म्हणाली. मी बरं म्हटलं. मला वाटलं, आता ठेवेल, पण ठेवला नाही. तिनं विचारलं, "तो तिथे मराठी कोणाशी बोलतो?"

मी म्हटलं, "कोणाशीच नाही."

मग तिनं फोन ठेवला.

तुझा,
काका